दोन हात जागा

गेल्या मे महिन्यात आईची ट्रंक रिकामी करायला घेतली. तळाशी, लुगड्यांच्या घड्यांखाली, अण्णांच्या अर्जांची चळत निघाली. अर्ज म्हणजे त्यांच्या स्थळप्रती. निळ्या कार्बनची अक्षरं, कोपऱ्यात गंजलेली टाचणी, आणि टाचणीभोवती तांबूस डाग. सगळ्यात वरचा कागद १९७४ सालचा. अण्णा शिकलेले चौथीपर्यंत, पण अर्ज लिहायला बसले की अंगात कारकून संचारायचा. ‘मेहेरबान सभापतीसाहेब, बांधकाम समिती, यांचे सेवेशी सविनय सादर’ अशी सुरुवात, आणि मग एकाच वाक्यात सगळं दुखणं: ‘मौजे कोंढवा बुद्रुक ते कात्रज या वाटेवर आमचे वस्तीजवळ रस्ता अरुंद असून समोरासमोर गाड्या आल्या असता एकीस मागे जावे लागते व बैल बुजतात, तरी सदर ठिकाणी रस्ता पंधरा हात करून मिळावा.’

तो कागद हातात धरून मी गॅलरीत आले. आमच्या सोसायटीची ही गॅलरी त्याच रस्त्यावर उघडते. खाली संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे वाजलेलेच नव्हते. सात वाजता जे इथे असतं ते साडेपाचलाच सुरू झालेलं होतं. कंटेनर, डंपर, शाळेच्या बस, रिक्षा, आणि फटीफटीतून दुचाक्या. समोरासमोर गाड्या आल्या होत्या. फरक एवढाच, की मागे जायला कुणालाच जागा नव्हती.

त्या वेळची कोंडी कशी असायची, ते आजच्या मुलांना सांगायला गेलं की ती हसतात. कोंडी म्हणजे दोन बैलगाड्या. एक कडब्याने भरलेली, दुसरी रिकामी. नियम सरळ होता: रिकामीने मागं जायचं. दोन्ही भरलेल्या असतील तर चढावरचीला मान. आणि दोन्ही भरलेल्या, रस्ता सपाट, शिवाय एका गाडीवाल्याची दुसऱ्याशी बांधावरून बोलाचाली बंद, असं जुळून आलं की दिवसाची करमणूक व्हायची. बैल सोडायचे, जू खाली टेकायचं, गाडी माणसांनी ढकलत मागे न्यायची. तोवर मागे दुधाच्या किटल्या लावलेल्या दोन-तीन सायकली येऊन थांबायच्या. त्यांना कात्रजच्या डेअरीची वेळ गाठायची असे. तेच पहिल्यांदा आरडाओरडा करायचे. त्या काळचे हॉर्न तेच.

हा रस्ता पुण्याच्या दक्षिण अंगाने आडवा जातो. पश्चिमेला कात्रज. तिथे पेशव्यांनी तळं बांधून त्याचं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेलं, आणि तिथूनच साताऱ्याचा रस्ता घाट चढतो. पूर्वेला कोंढवा. तिथून बोपदेव घाटाने सासवडला जाता येतं. मधे साडेतीन किलोमीटरचा हा दुवा. लहानपणी त्याला नावही नव्हतं. आम्ही ‘वाट’ म्हणायचो. कोंढव्याच्या टोकाला आता खडी मशीन चौक आहे. तिथे उतरणाऱ्या मुलांना वाटतं, एखाद्या जुन्या हॉटेलचं नाव असेल. मला मात्र ते नाव घेतलं की कानात खरोखरीचं मशीन सुरू होतं. डोंगरात सुरुंग लागायचे, त्याआधी लाल फडकं हलवून माणूस ओरडायचा, आम्ही तुरीत वाकून बसायचो, आणि मग धडाम. धुरळा उतरला की तुरीची पानं राखाडी झालेली दिसायची. पुण्यात रस्ते व्हायचे त्यांची खडी आमच्या डोळ्यांत जायची, आणि आमच्या वाटेवर मात्र गुडघाभर फुफाटा. अण्णा म्हणायचे, “चांभाराची बायको अनवाणी, तशी ही गत.”

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर जायची. बाया उन्हात ओळीने बसून हातोडीने खडी फोडायच्या. दगड हलू नये म्हणून तो चिंध्यांच्या चुंबळीत धरायचा. बोट ठेचलं तर तीच चिंधी बोटाला. मुकादम हजेरी घ्यायचा, आठवड्याला पगार व्हायचा, आणि मुलांना सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे. चांगली होती की वाईट, हे मात्र आता सांगता येत नाही. त्या कामांवर राज्यभर किती तरी रस्ते झाले आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आईने फोडलेली खडी मात्र आमच्या वाटेवर पडली नाही. ती दुसऱ्याच गावच्या रस्त्याला गेली. अण्णांच्या अर्जांची सुरुवात त्यानंतरची. बायकोने फोडलेली खडी दुसऱ्याच्या दारात पडलेली त्यांना सोसली नसावी.

उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं. पण आलं, टपालाने, तपकिरी लिफाफ्यातून. सारांश असा, की रस्ता घेता येईल, वाटेतल्या ओढ्यावर मोरीही घेता येईल, मात्र रुंदीकरणाला लागणारी जागा ग्रामस्थांनी विनामोबदला द्यावी. ‘विनामोबदला’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ विचारला तर आजी म्हणाली, “फुकट. सरकारी मराठीत फुकटला इतकं लांब म्हणतात.”

मग अण्णा घरोघर फिरले. आज ज्याला भूसंपादन म्हणतात ते त्या वेळी ओसरीवर, चहाच्या कपावर होत असे. बांधाच्या प्रत्येक मालकाने दोन्ही अंगांना दोन-दोन हात सोडायचे. कुणी लगेच हो म्हणाले, कुणी बायकोला विचारून सांगतो म्हणाले, एकाने तर मोबदल्यात अण्णांकडून कालवड मागितली आणि अण्णांनी ती दिलीही. राहिले फक्त नाना, अण्णांचे सख्खे मोठे भाऊ. त्यांच्या बांधावर चिंच होती. आजोबांनी लावलेली. रस्ता सरळ काढायचा तर ती जाणार.

मोजणीचा दिवस मला लख्ख आठवतो. ओव्हरसियर साहेब सायकलवरून आले, कॅरिअरला वही लावलेली. त्यांच्याकडे साखळी होती, पण अण्णांनी आधीच सुंभाला गाठी मारून पंधरा हात धरून ठेवले होते. एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं नानांच्या. आम्ही पोरं मागून चुन्याची फक्की टाकत होतो. चिंचेपाशी आल्यावर नानांनी सुंभ सोडलं.

“पंधरा हात? हत्ती चालवायचेत का यावरून?”

अण्णा काही बोलेनात. शेवटी आजी पुढे आली. म्हणाली, “नाना, जागा सोड. आणि तू रे, झाड सोड. रस्त्याला थोडं वाकायला सांग.” ओव्हरसियर हसले. वहीत त्यांनी एक रेघ वाकडी काढली. रस्ता चिंचेला वळसा घालून गेला. ओढ्यावर मोरी झाली, मुरूम पडला, खडी पडली, आणि आणखी काही वर्षांनी डांबर. डांबराचे पिंप तापवताना निघणारा तो धूर आम्ही मुलांनी देवळातल्या धुपासारखा नाकात ओढून घेतला होता. पहिल्या उन्हाळ्यात डांबर वितळून चपला चिकटायच्या, तर त्याचंही कौतुक.

त्या रस्त्यासाठी अण्णा मुंबईला कधी गेले नाहीत. कॅम्पातल्या कचेरीपलीकडे त्यांना जावं लागलं नाही. रस्ता ‘बी अँड सी’चा की ‘झेडपी’चा, बजेटला लागला की नाही, एवढं त्यांना कळायचं आणि तेवढं पुरायचं.

इथपर्यंतची गोष्ट मी सोसायटीच्या गणपतीत सांगितली की टाळ्या पडतात. किती साधी माणसं, असं लोक म्हणतात. पुढची गोष्ट सांगायला मी जरा कचरते, कारण तिथून ती तितकी साधी राहत नाही.

डांबर पडलं आणि पाच-सात वर्षांत दलालांच्या मोटारसायकली येऊ लागल्या. मुरमाड, हुलगा पिकवणारी जमीन. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता ‘रोड टच’ असा शब्द आला. आधी एकराने बोलणारे गुंठ्याने बोलू लागले, मग गुंठ्याने बोलणारे चौरस फुटाने. अण्णांनी दिलेल्या दोन हातांनी मागच्या चार एकरांना सोन्याचा भाव आणला. १९९२ मध्ये अण्णा गेले तेव्हा भावांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं आणि मी सही केली. विनामोबदला म्हणजे काय, ते आजीने सांगितलेलं होतंच. पुढे भावांनी जमीन बिल्डरला दिली, आणि माझ्या यजमानांनी निवृत्तीच्या पैशांतून त्याच जमिनीवरचा एक फ्लॅट घेतला. माझ्या माहेरच्या शेतात आज मी पाचव्या मजल्यावर राहते.

१९९७ मध्ये आजूबाजूची गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत कात्रज आणि कोंढवाही. नंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आणखी आली. प्रत्येक वेळी शहराची वेस पुढे सरकली आणि आमचा रस्ता जास्त जास्त आत आला. सातारा रस्ता आणि बंगळूर महामार्गावरून सोलापूरकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांना शहराबाहेरून जायला सोयीची वाट कुठली, तर ही. विकास आराखड्यात ती चौऱ्याऐंशी मीटर रुंद दाखवली गेली. मी सुंभाच्या हिशेबाने मोजून पाहिलं. अण्णांनी मागितलेले पंधरा हात म्हणजे जेमतेम सात मीटर. चौऱ्याऐंशी मीटर म्हणजे त्याच्या बारापट.

पुढचं गणितही मांडून पाहिलं, शाळेत आयुष्यभर तेच शिकवलं. साडेतीन किलोमीटर लांबी आणि चौऱ्याऐंशी मीटर रुंदी म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस हेक्टर, बहात्तर एकरांवर. रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. जागेचा खर्च झेपेना, तेव्हा रुंदी पन्नास मीटरवर आणली गेली. तरीही साडेसतरा हेक्टर, म्हणजे त्रेचाळीस एकर होतात. त्यात आधीचा रस्ता धरला, आणि ज्यांनी टीडीआर, म्हणजे रोख पैशांऐवजी विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेऊन जागा दिली त्यांना वजा केलं, तरी उरलेल्या जागेचे मालक रोख मागणार. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा लागू झाला. त्यात शहरी भागात बाजारभाव आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट. रस्त्याच्या बजेटात डांबर, सिमेंट, मजुरी हे सगळं आता चिल्लर झालं. खरी रक्कम जमिनीची.

मग एवढा पैसा आणायचा कुठून? इथे मला शहराची दुसरी एक गोष्ट आठवते. जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये झाला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. महापालिकेच्या स्थायी समितीने रेकॉन्डो नावाच्या कंपनीकडून दहा वर्षांची हमी घेऊन तो करून घेतला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही, हे पुणेकर आजही पाहुण्यांना शनिवारवाड्याच्या बरोबरीने सांगतात. मला त्यातलं कौतुक खड्ड्यांपेक्षा वेगळंच वाटतं. गावातल्या लोकांनी गावात बसून ठरवलं, गावच्या तिजोरीतून पैसे दिले, आणि चुकलं असतं तर शिव्या द्यायलाही गावातलीच माणसं होती.

ती तिजोरी भरायची जकातीने. सातारा रस्त्याने परत येताना नाक्यावर ट्रकची रांग लागलेली असायची. आडवा बांबू, खोपटातला दिवा, पावती फाडणारा कारकून, आणि ‘माल काय?’ हा एकच प्रश्न. एसटीतले सगळे त्या नाक्याला शिव्या द्यायचे, कारण कोंडी तिथेच व्हायची. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला आणि तेव्हापासून जकातीची भरपाई म्हणून राज्य सरकार महापालिकांना महिन्याला रक्कम देतं. नाक्यावरचा बांबू उठला, ट्रक सुटले, हे चांगलंच झालं. पण कमावत्या मुलाने सगळा पगार घरात द्यायचा आणि मग बससाठी बापाकडे हात पसरायचा, तशी शहरांची गत झाली. चिंचेजवळच्या वळणाचा निर्णय आता मुंबईत होतो.

आमच्याही रस्त्याचं तेच झालं. भूसंपादनासाठी महापालिकेने राज्याकडे दोनशे कोटी रुपये मागितले. वर्तमानपत्रात तो आकडा वाचला त्या सकाळी आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडला: टाळ्यांचा, हात जोडल्याचा, फुलांचा. कुणी तरी लिहिलं, आपणही पाठपुरावा करायला हवा. पाठपुरावा म्हटलं की निवृत्त माणसांना हुरूप येतो. आठ जणांचं शिष्टमंडळ ठरलं. सातमध्ये मी एकटी बाई आठवी.

सव्वासातची डेक्कन क्वीन, तिकिटावर ज्येष्ठांची सवलत आता नाही याबद्दल कर्जतपर्यंत चर्चा, मग टॅक्सी. मंत्रालयाच्या फाटकापाशी पास काढायची रांग. दुपारी आत सोडलं. मजला चुकला, मग दालन चुकलं, मग साहेब बैठकीला गेले. साडेचारला गाठ पडली ती चालता चालता. एकाने निवेदन पुढे केलं, साहेबांनी ते धरलं, दुसऱ्याने फोटो काढला. निवेदन अजून दोघांच्याही हातात असतानाचा तो फोटो आहे. ‘सकारात्मक आहोत,’ असं ते म्हणाले आणि पुढे गेले. परतीच्या गाडीत लोणावळा यायच्या आधी फोटो ग्रुपवर पोचलेला होता आणि त्याखाली एकशे बारा अंगठे उठले होते.

अण्णांना अर्जाची पोच मिळायची, शिक्का मारलेली. आम्हाला फोटो मिळतो. शिक्क्यावर तारीख असायची. सव्वा वर्षाने ती तारीख दाखवून अण्णा विचारू शकत होते. आमच्या फोटोवर कुणाची सही नाही.

खोटं कशाला बोलू, पैसे अगदीच आले नाहीत असं झालं नाही. होकार आला, रक्कमही येऊ लागली. काही ठिकाणी भिंती मागे सरकल्या, काही ठिकाणी पुतळ्यासारखे उभे असलेले विजेचे खांब अखेर हलले. रस्ता आता असा दिसतो, की शंभर मीटर विमानतळाच्या धावपट्टीसारखा रुंद, मग अचानक गळा आवळल्यासारखा चिंचोळा, मग पुन्हा रुंद. रुंद भागात गाड्या जोर पकडतात आणि चिंचोळ्या तोंडाशी येऊन एकमेकींच्या अंगावर चढतात. कात्रज चौकातल्या उड्डाणपुलाचं भूमिपूजन २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते झालं. ते पैसे केंद्राचे. स्वारगेटहून कात्रजपर्यंतच्या भुयारी मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. साडेपाच किलोमीटरही नाही, आणि किंमत जवळजवळ तीन हजार कोटी. जमिनीखालून जायचं म्हणजे शेजाऱ्याकडे दोन हात मागावे लागत नाहीत, हाही एक हिशेब त्यात असावा असं मला वाटतं.

आमच्या जवळच्या चिंचोळ्या तोंडाचं नाव लोकांनी ‘दादाचं वळण’ ठेवलं आहे. दादा म्हणजे नानांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. चिंच १९९० च्या सुमारास वाळून पडली. पण रस्ता वाकलेला तो वाकलेलाच राहिला, कारण चिंचेच्या जागेवर तोवर दादाचं दुकान उभं राहिलं होतं. पुढे टायर-पंक्चर, मागे दोन खोल्या. दीड गुंठा.

मुंबईहून आल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. बरोबर अण्णांचा अर्ज घेतला होता. शिक्षिकेची खोड, दाखला घेऊनच बोलायचं.

“दादा, अण्णांनी आणि नानांनी इथे दोन-दोन हात फुकट सोडले होते.”

त्याने अर्ज हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचला. मग घडी मोडू न देता परत दिला.

“अगं, तुझ्या बापानं दोन हात सोडले तेव्हा मागं चार एकर होतं. माझ्याकडं दीड गुंठा आहे. त्यातला एक रस्त्यात गेला, तर उरलेल्या अर्ध्यात मी काय टीडीआर पेरू?”

“पण पैसे मिळणार आहेत ना?”

“मिळू देत की. मी कुठं नाही म्हणतोय? चेक हातात द्या, भिंत मीच पाडतो. नुसता कागद घेऊन भिंत पाडलेले दोघं-तिघं मी बघितलेत.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि तू कुठल्या तोंडानं सांगतेस? तुझी बिल्डिंग उभी राहिली म्हणून ना इथं गर्दी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या एका बिल्डिंगमध्ये ऐंशी फ्लॅट आहेत आणि दीडशेच्या वर गाड्या. अण्णांच्या काळी अख्ख्या वाटेवर दीडशे बैल नव्हते. आमच्या सोसायटीच्या निवेदनात ‘वाढती वाहनसंख्या’ असा शब्द आहे, जणू ती वाहनं कुठून तरी उडत आली.

ग्रुपवर दादाला ‘अडथळा’ म्हणतात. मला तो शब्द वाचवत नाही. आमची जागा विकली गेली तेव्हा तिला जो भाव आला, तो रस्त्याने आणला. दादाच्या दीड गुंठ्याला आज जो भाव आहे, तोही रस्त्यानेच आणला. रस्त्याने जमिनीला भाव दिला आणि त्या भावाने रस्ता अडवून धरला. त्यातला फायदा आम्ही आधीच खिशात घातला. आता उरलेलं बिल सरकारने भरावं म्हणून आम्ही आठ जण डेक्कन क्वीनने जाऊन आलो. ज्या वर्षी नकाशावर रुंद रस्ता उमटला त्याच वर्षी जागा घेतली असती, तर दोनशे कोटींची मागणीच उरली नसती, असं आता कुणीही म्हणेल. पण तेव्हा जागा स्वस्त होती म्हणूनच कुणाला घाई नव्हती. स्वस्त गोष्ट उद्यावर टाकता येते.

जुनं सगळं गोड होतं, असंही मी म्हणणार नाही. अण्णांच्या अर्जात एक गोष्ट लिहिलेली नाही. १९७३ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या आत्याला कळा सुरू झाल्या. तिला गाडीत घालून निघाले. अरुंद जागी समोरून भरलेली गाडी आली. ती मागे घेईतो ओढ्याला पाणी चढलं, आणि मग तीन तास सगळे अलीकडच्या काठावर बसून राहिले. आत्या वाचली. मूल नाही. त्यानंतर काही महिन्यांनी अण्णांनी अर्ज लिहिला, आणि त्यात फक्त एवढंच लिहिलं, की बैल बुजतात.

मागच्या महिन्यात नव्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. सोसायटीतल्या एका हुशार मुलाने तो केला होता. वाहतुकीचा ताण, सुविधांचा अभाव, निधीची उपलब्धता, सगळं जिथल्या तिथे. मी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि पहिल्या परिच्छेदात अण्णांचं वाक्य घातलं: समोरासमोर गाड्या आल्या असता एकीस मागे जावे लागते. बैलांचं तेवढं काढलं. शेवटी आणखी एक ओळ घातली, की या वळणावरच्या छोट्या जागामालकांना मोबदला आधी द्यावा आणि भिंत नंतर मागावी. त्या ओळीवरून ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. ओळ राहिली.

त्याच संध्याकाळी भाजी घेऊन परत येत होते. दादाच्या वळणावर चाळीस फुटी कंटेनर अडकला होता. समोर शाळेची बस, तिच्यामागे रुग्णवाहिका, भोंगा चालू. दादा दुकानातून बाहेर आला. गळ्यात शिट्टी होती. ती त्याने स्वतःच्या पैशाने आणली आहे आणि रोज संध्याकाळी तो हेच करतो, हे मला त्या दिवशी कळलं. आधी त्याने मागच्या रिक्षा मागे सरकवल्या, मग बस दुकानाच्या पायरीवर चढवून घेतली. पायरीची फरशी तडकली, तिकडे त्याने पाहिलंही नाही. रुग्णवाहिका निघून गेली. मग त्याने कंटेनरच्या बाजूवर थाप मारली, “येऊ द्या मागं, येऊ द्या, येऊ द्या, बास.”

मला पाहून तो जवळ आला, गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं आणि त्या कंटेनरकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, “नाना पाहिजे होते बघायला. आले हत्ती.”